दीक्षाभूमी ते बोधगया : आकाशातले अंतर आणि घरातला हिशेब



आपल्या घरांमध्ये दोन प्रवास असे आहेत की, ज्यांच्यासाठी माणूस पोटाला चिमटा घेऊन पैसे साठवतो. पहिला नागपूरच्या दीक्षाभूमीचा आणि दुसरा बोधगयेचा. एका ठिकाणी बाबासाहेबांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी लाखो माणसांना बुद्धाच्या मार्गावर आणले. दुसऱ्या ठिकाणी तथागतांना संबोधी प्राप्त झाली. आज या दोन्ही ठिकाणी विमानतळ आहेत. नागपूरच्या सोनेगाव विमानतळाला २००५ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव मिळाले. गयेचे विमानतळ तर बोधगयेपासून जेमतेम पाच-सहा किलोमीटरवर आहे. मग या दोन विमानतळांमधले अंतर किती आणि ते कापायला खरोखर किती वेळ लागतो? प्रश्न साधा वाटतो. पण त्याच्या उत्तरात आपल्या घरचा पैसा, कामावरच्या खाड्याचे दिवस आणि समाजाची एक रास्त मागणी, अशा तीन गोष्टी गुंतल्या आहेत.

यंदाच्या वर्षावासात आमच्या भाईंदरच्या विहारात ग्रंथवाचन संपल्यावर एका यात्रा कंपनीचे पत्रक हातोहात फिरले. "नागपूर ते बोधगया विमानाने फक्त दीड तासात!" असे मोठ्या अक्षरात छापले होते. खाली बारीक अक्षरात सहलीचे दिवस आणि रक्कम. ते पाहून एका आजींनी विचारले, "भाऊ, इमान दीड तासात जातंय म्हनत्यात, मग जायला एक दिस आन् यायला एक दिस कशाला धरलाय?" सभागृहातल्या शिकल्यासवरल्या मंडळींपैकी कुणालाही हा प्रश्न सुचला नव्हता. आजींनी नेमक्या वर्मावर बोट ठेवले होते. आजचा लेख म्हणजे त्या प्रश्नाचे सविस्तर उत्तर आहे.

प्रथम अंतर पाहू. विमानाचे अंतर म्हणजे पृथ्वीच्या पाठीवरून दोन ठिकाणांमधली सर्वांत जवळची वाट. रेल्वेला घाट, नदी, जंक्शन पाहून वळावे लागते, विमानाला तसे वळावे लागत नाही. हे अंतर काढायला संगणक लागत नाही. दहावीतला मुलगा किंवा मुलगी पायथागोरसच्या प्रमेयाने ते काढू शकते.

शाळेचा नकाशा घ्या. नागपूर विमानतळ साधारण २१.१ अंश उत्तर अक्षांश आणि ७९.०५ अंश पूर्व रेखांशावर आहे. गया विमानतळ २४.७५ अंश उत्तर आणि ८४.९५ अंश पूर्व. म्हणजे गया नागपूरपेक्षा ३.६५ अंश उत्तरेला आणि ५.९ अंश पूर्वेला. अक्षांशाचा एक अंश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर. रेखांशाचा अंश विषुववृत्तावर तेवढाच असतो, पण उत्तरेकडे जाऊ तसा तो आखडत जातो. आपल्या या पट्ट्यात तो सुमारे १०२ किलोमीटर भरतो. आता गुणाकार करा. उत्तरेकडे ४०५ किलोमीटर, पूर्वेकडे ६०२ किलोमीटर. दोहोंच्या वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढले की कर्ण येतो सुमारे ७२५ किलोमीटर. पृथ्वी गोल असल्यामुळे यात थोडा फरक पडेल, पण इतक्या अंतरासाठी तो दोन-चार किलोमीटरचाच.

आता वेळ. मोठे जेट विमान उंचीवर गेल्यावर ताशी ८०० किलोमीटरच्या आसपास वेगाने जाते. परंतु धावपट्टीपर्यंत सरकणे, वर चढणे, उतरण्यासाठी वेग कमी करणे, फेरी मारून रांगेत येणे यात वेळ जातो. म्हणून सोपा नियम असा धरावा : किलोमीटरला ८०० ने भागा आणि वर अर्धा तास मिळवा. ७२५ भागिले ८०० म्हणजे सुमारे ५५ मिनिटे, अधिक अर्धा तास. झाले एक तास पंचवीस मिनिटे. पंख्याचे छोटे विमान असेल, तर त्याचा वेग ताशी ५०० किलोमीटरच्या आसपास. त्याला दोन तास लागतील.

म्हणजे पत्रकातला 'दीड तास' खोटा नाही. पण तो अर्धसत्य आहे आणि अर्धसत्य गरिबाच्या खिशाला जास्त भारी पडते.

याची कारणे दोन. पहिले असे की, नागपूरहून गयेला जाणाऱ्या माणसाला सहसा दिल्लीला किंवा कोलकात्याला विमान बदलावे लागते. नागपूर ते दिल्ली हवाई अंतर सुमारे ८५५ किलोमीटर आणि दिल्ली ते गया सुमारे ८९०. बेरीज १७४५ किलोमीटर. सरळ वाट ७२५ ची आणि वळसा १७४५ चा, म्हणजे जवळजवळ अडीचपट! कोलकात्यावरून गेले तर सुमारे ९८५ आणि ४२५ मिळून १४१० किलोमीटर. तरीही जवळपास दुप्पटच.

दुसरे कारण असे की, तिकिटावरचा वेळ म्हणजे विमान हलल्यापासून थांबेपर्यंतचा वेळ. आपला प्रवास मात्र घराच्या उंबऱ्यापासून सुरू होतो. दीक्षाभूमीपासून सोनेगावला अर्धा तास, विमानतळावर दोन तास आधी हजेरी, दिल्लीपर्यंत एक तास पस्तीस मिनिटे, दिल्लीत पुढच्या विमानासाठी समजा तीन तास, पुन्हा एक तास पस्तीस मिनिटे, सामान घेऊन बाहेर पडायला पाऊण तास आणि बोधगयेला पोहोचायला अर्धा तास. बेरीज करा. जवळजवळ दहा तास होतात. त्यात विमान चालले ते फक्त तीन तास दहा मिनिटे. थेट विमान असते तरी सगळे धरून पाच तास लागलेच असते. आजींचा दिवस कुठे जातो, ते यावरून कळेल.

आता आपल्या मीरा-भाईंदरकरांचा हिशेब घेऊ. मुंबई ते गया हवाई अंतर सुमारे १३९५ किलोमीटर. दिल्लीवरून गेले तर दोन हजारांच्या वर. भाईंदरहून लोकलने अंधेरी आणि तिथून रिक्षाने विमानतळ गाठायला दीड तास धरा. दोन तास आधी पोहोचणे, दिल्लीपर्यंत सव्वादोन तास, तीन तास थांबा, गयेपर्यंत पावणेदोन तास, बाहेर पडून बोधगया सव्वा तास. एकूण पावणेबारा तास. सकाळी सहाला निघालेला माणूस संध्याकाळी सहाला महाबोधी विहाराच्या परिसरात पोहोचतो.

येथे एक सावधगिरी. नवी मुंबईच्या विमानतळाचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले आणि आता मुंबईला दोन विमानतळ आहेत. तिकीट काढताना विमान कुठून सुटते ते नीट वाचा. भाईंदरच्या माणसाला सहार जवळ आणि नवी मुंबई लांब. शंभर-दोनशे रुपये स्वस्त म्हणून तिकडचे तिकीट काढले, तर ते टॅक्सीत जातील.

रेल्वेने काय लागते? मुंबई-हावडा मेल प्रयागराजमार्गे गयेवरून जाते. साधारण तीस तासांचा प्रवास. भाईंदरहून स्टेशन गाठणे, गाडीच्या आधी पोहोचणे, गया जंक्शनवरून पंधरा किलोमीटर बोधगया, हे सगळे मिळवले तर तेहतीस-चौतीस तास. म्हणजे विमानाने एका बाजूला बावीस तास वाचतात. जाऊन-येऊन सुमारे दोन दिवस.

तर खरा प्रश्न असा की, हे दोन दिवस आपण किती रुपयांना विकत घेतो? विमानाचे भाडे रोज बदलते, म्हणून मी आकडा सांगत नाही, रीत सांगतो. समजा, रेल्वेच्या आणि विमानाच्या तिकिटात जाऊन-येऊन माणशी नऊ हजारांचा फरक आहे. चौघांचे कुटुंब असेल तर छत्तीस हजार झाले. घरात दोघे कमावते, रोजी आठशे रुपये, दोन दिवसांचा खाडा वाचला म्हणजे बत्तीसशे रुपये वाचले. छत्तीस हजार खर्चून बत्तीसशे वाचवायचे! कंत्राटी कामगाराने, घरकाम करणाऱ्या ताईने, नाक्यावरच्या मजुराने कर्ज काढून असा व्यवहार करू नये. धम्मयात्रेसाठी सावकाराच्या दारात जाणे हे बाबासाहेबांच्या अनुयायाला शोभणारे नाही.

पण हिशेब सर्वांचा सारखा नसतो. पंच्याहत्तरीची आई, गुडघे धरलेले, साखरेचा आजार. तिच्यासाठी तीस तासांचा डबा, हलत्या गाडीतला संडास आणि रात्रीचे जागरण याची किंमत रुपयांत कशी मांडणार? अशा घरांनी मधला मार्ग घ्यावा. जाताना सगळ्यांनी मिळून रेल्वेने जावे, येताना म्हाताऱ्या माणसाला आणि सोबतच्या एकाला विमानाने आणावे. किंवा दोन वर्षे आधी ठरवून महिन्याला तीनशे पंचाहत्तर रुपये बाजूला टाकावेत. चोवीस महिन्यांत नऊ हजार होतात. आमच्याकडे बायका भिशी लावतात, गणित त्यांना नवे नाही. एखादी भिशी 'आईच्या बोधगयेसाठी' म्हणून लावली, तर तिच्यासारखी भिशी नाही.

रेल्वेत ज्येष्ठांना भाड्यात मिळणारी सवलत मार्च २०२० मध्ये बंद झाली, हेही लक्षात ठेवा. मात्र खालच्या बर्थचा कोटा ज्येष्ठांसाठी आहे, तो मागावा. नोव्हेंबर २०२४ पासून रेल्वेचे आगाऊ आरक्षण साठ दिवस आधी उघडते. त्या दिवशी सकाळीच तिकीट काढावे.

जे पहिल्यांदा विमानात बसणार आहेत त्यांच्यासाठी चार गोष्टी. एक, तिकिटावरचे नाव आणि ओळखपत्रावरचे नाव सारखे हवे. लग्नाआधीचे आडनाव एकीकडे आणि नंतरचे दुसरीकडे, असे झाले तर दारातच अडचण येते. दोन, दोन्ही विमानांचे तिकीट एकत्रच काढा. पहिले विमान उशिरा पोहोचून दुसरे चुकले, तर एका तिकिटावर पुढे नेण्याची जबाबदारी कंपनीची राहते. वेगवेगळी तिकिटे असतील तर नुकसान आपले. शिवाय दिल्लीला एकाहून अधिक टर्मिनल आहेत. दोन्ही विमाने एकाच टर्मिनलवरची आहेत का, ते पाहा. तीन, चालता न येणाऱ्या माणसासाठी चाकाची खुर्ची आधी कळवून मागता येते. मागायला लाजू नका. चार, पूजेच्या सामानात काडेपेटी आणि लायटर ठेवू नका, ते काढून घेतात. मेणबत्ती, अगरबत्ती आणि काडेपेटी बोधगयेत मिळते.

ऋतूचाही विचार हवा. डिसेंबर-जानेवारीत गंगेच्या खोऱ्यात दाट धुके पडते. तेव्हा रेल्वे आणि विमान दोन्ही तासन्‌तास रखडतात. हिवाळ्यात उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहतात. त्यामुळे दिल्लीहून गयेला जाणारे विमान थोडे लवकर पोहोचते आणि परतीचे थोडे उशिरा. बुद्ध पौर्णिमेला जायची हौस सर्वांना असते, पण मे महिन्यातले गयेचे ऊन लहान मुलांना आणि वृद्धांना सोसत नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबर किंवा फेब्रुवारी-मार्च हा काळ उत्तम.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. हिवाळी हंगामात गयेच्या विमानतळावर बँकॉक, यांगून, कोलंबो येथून विमाने उतरतात. बँकॉक ते गया सुमारे २०६० किलोमीटर. थेट विमानाने तीन तास. थायलंडचे घड्याळ आपल्यापुढे दीड तास आहे. त्यामुळे तिथे सकाळी दहाला निघालेला उपासक आपल्या घड्याळाप्रमाणे साडेअकराला गयेत उतरतो आणि दुपारी बोधिवृक्षाखाली बसतो. यांगून ते गया सुमारे १४५० किलोमीटर, म्हणजे मुंबई ते गया जेवढे जवळजवळ तेवढेच. त्या देशांतले आपले धम्मबांधव सुखाने येतात याचा आनंदच आहे. त्यांनी तिथे विहार बांधले, धर्मशाळा उभ्या केल्या, याबद्दल कृतज्ञताच आहे.

पण २०११ ची जनगणना उघडा. भारतात बौद्धांची संख्या सुमारे ८४ लाख ४३ हजार. त्यांपैकी महाराष्ट्रात सुमारे ६५ लाख ३१ हजार. म्हणजे देशातल्या दर चार बौद्धांमागे तीन महाराष्ट्रातले! आणि त्या महाराष्ट्राच्या दीक्षाभूमीवरून बोधगयेला जायचे, तर ७२५ किलोमीटरसाठी १७४५ किलोमीटरचा वळसा. 'बौद्ध परिक्रमा' म्हणून ज्या योजना झाल्या, ज्या महागड्या पर्यटक गाड्या दिल्लीहून सुटल्या, त्या प्रामुख्याने परदेशी पाहुण्यांना डोळ्यांपुढे ठेवून. या देशातला कष्टकरी बौद्ध हाही यात्रेकरू आहे, तोही तिकीट काढतो, हे नियोजन करणाऱ्यांच्या वहीत आले पाहिजे.

नागपूरला हे काही नवे नाही. देशाच्या मध्यावर असल्यामुळे १९४९ साली रात्रीची हवाई टपालसेवा सुरू झाली, तेव्हा दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास या चारही शहरांची विमाने मध्यरात्री नागपूरला एकत्र येत, पत्रांच्या पिशव्या बदलत आणि परत फिरत. एकेकाळी साऱ्या देशाच्या पत्रांना जोडणाऱ्या नागपूरला आज गयेशी जोडणे अशक्य आहे काय? स्वतः बाबासाहेब ११ ऑक्टोबर १९५६ रोजी दिल्लीहून विमानानेच धम्मदीक्षेसाठी नागपूरला आले होते. नोव्हेंबरमध्ये ते काठमांडूच्या जागतिक बौद्ध परिषदेला गेले आणि परतताना प्रकृती ढासळलेली असतानाही बनारस, सारनाथ, कुशीनगर करून दिल्लीला पोहोचले. त्यानंतर आठवडाभरातच, ६ डिसेंबरच्या रात्री, त्यांचे पार्थिव दिल्लीहून मुंबईला आणले गेले, तेही विमानाने. त्यांची शेवटची वाट आकाशातून आली, हे आपण विसरू शकत नाही.

विमान कंपन्या म्हणतील, प्रवासी कुठे आहेत? त्यालाही उत्तर आहे. केंद्र सरकारने २०१६ साली 'उडान' ही प्रादेशिक विमानसेवेची योजना आणली. लहान शहरांना जोडणाऱ्या मार्गांवर तोटा भरून काढण्यासाठी कंपनीला मदत द्यायची आणि काही जागांचे भाडे मर्यादेत ठेवायचे, अशी तिची रचना. २७ एप्रिल २०१७ रोजी या योजनेतली पहिली विमाने निघाली, त्यात आपले नांदेडही होते. नांदेडला गुरुद्वाऱ्यासाठी येणारे यात्रेकरू आहेत, म्हणून त्या विमानतळाचे महत्त्व सरकारला पटले. मग अशोक विजयादशमीला दीक्षाभूमीवर लोटणारा जनसागर कुणाला दिसत नाही? वर्षभर रोजचे विमान नको. ऑक्टोबर ते मार्च, आठवड्यातून दोन दिवस नागपूर-गया विमान सोडून पाहा, एवढीच मागणी. आणि त्यासोबत नागपूरमार्गे गयेला जाणाऱ्या रेल्वेगाड्या वाढवा, कारण आपल्या बहुसंख्य माणसांचा प्रवास रेल्वेच्या साध्या डब्यातूनच होणार आहे. फक्त विमान मागून साध्या डब्यातल्या माणसाला विसरलो, तर ती मागणी समाजाची राहणार नाही.

मात्र विमानतळ असणे वेगळे आणि विमान असणे वेगळे, हेही ध्यानात ठेवावे. कुशीनगरच्या आंतरराष्ट्रीय विमानतळाचे उद्घाटन २० ऑक्टोबर २०२१ रोजी झाले, कोलंबोहून भिक्खूंना घेऊन पहिले विमान उतरले, फोटो छापून आले. पण फीत कापली म्हणून रोज विमान येते असे नाही. प्रवासी, भाडे आणि पाठपुरावा यांवर सेवा टिकते. म्हणून मागणी करणाऱ्यांनी हिशेब ठेवला पाहिजे. प्रत्येक विहाराने एक वही घालावी : यंदा आपल्या वस्तीतून बोधगयेला किती जण गेले, कोणत्या महिन्यात, कशाने, किती तास लागले. मीरा-भाईंदरच्या दहा विहारांनी हे केले, तसेच नागपूर, अकोला, अमरावती, नांदेड, छत्रपती संभाजीनगरच्या विहारांनी केले, तर तो कागद खासदारांच्या टेबलावर ठेवता येईल. आकडे हातात असले म्हणजे निवेदनाला वजन येते. नुसत्या घोषणांना उत्तर 'पाहू' असे मिळते.

आणखी एक अंतर आहे, जे किलोमीटरमध्ये मोजता येत नाही. १९४९ च्या बोधगया मंदिर कायद्याने महाबोधी विहाराच्या व्यवस्थापन समितीत बौद्धांना निम्म्याच जागा दिल्या. अनागारिक धर्मपालांनी १८९१ साली सुरू केलेली विहारमुक्तीची चळवळ अजून पूर्ण झालेली नाही. फेब्रुवारी २०२५ पासून भिक्खूंनी पुन्हा आंदोलन उभारले. तिथे महाराष्ट्रातली माणसे जितकी अधिक जातील, जितकी शांतपणे आणि शिस्तीने बसतील, तितका या मागणीचा आवाज मोठा होईल. म्हणून ये-जा सोपी होणे ही केवळ सहलीची सोय नव्हे. आपल्या वारशाशी आपला संबंध घट्ट होण्याची ती वाट आहे.

संबोधीनंतर तथागत बोधगयेहून सारनाथला पायी गेले. आजच्या रस्त्याने ते अंतर सुमारे अडीचशे किलोमीटर भरते. आपल्या जुन्या पाच सोबत्यांना धम्म सांगण्यासाठी त्यांनी ती वाट तुडवली. त्यामुळे विमानाने गेलेला मोठा आणि रेल्वेने गेलेला छोटा, असा भेद आपल्यात येता कामा नये. कुणी कशाने जावे हे ज्याच्या त्याच्या तब्येतीवर आणि ऐपतीवर सोडावे. पत्रकावरच्या 'दीड तासा'ला भुलू नये आणि 'विमान आपल्यासाठी नाही' असा न्यूनगंडही बाळगू नये.

येत्या रविवारी वंदना झाल्यावर मुलांना नकाशा घेऊन बसवा. नागपूर-गयेचा कर्ण त्यांना काढू द्या. मग मुंबई-गया काढायला सांगा, उत्तर १४०० च्या आसपास आले पाहिजे. ज्याचे उत्तर बरोबर येईल, त्याच्याच हातात विहाराच्या यात्रावहीचे पहिले पान द्या. पोर आनंदाने लिहील आणि आपला हिशेबही पक्का राहील.

जयभीम! नमो बुद्धाय!